हौशाचं वशिंड

कुत्रं पाळायचं ठरलं तेव्हा माझी कल्पना एवढीच होती, की एक कुत्रं आणायचं, त्याला भाकरी घालायची आणि रात्री आपण निवांत झोपायचं. यात चुकण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. पण मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. जे नकाशात नाही त्याचा अंदाज मला सहसा येत नाही.

झालं असं, की पंच्याण्णव साली बारामतीतल्या आमच्या कॉलनीत पाण्याच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. शेजारचे सोमनाथराव साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. रोज सकाळी मधल्या भिंतीवर कोपरं टेकून ते मला काहीतरी सल्ला देत. कुत्रं पाळा, हा त्यातलाच एक. मी म्हटलं, तुम्हीच का नाही पाळत? तर म्हणाले, भिंत एकच आहे सर, तुमचं भुंकलं की आमचंही भागेल.

आता कुत्री गल्लीत भरपूर होती आणि फुकट होती. पण ओहोळ सरांनी गल्लीतलं कुत्रं उचलून आणायचं, हे मला बरं दिसेना. नवीन बंगला, दारात नावाची पाटी, आणि पाटीखाली शेपूट झडलेलं गावठी कुत्रं? मला जातिवंत कुत्रं हवं होतं. खरं तर आम्ही बौद्ध माणसं, जात हा शब्द आमच्या घरात कुणी प्रेमानं उच्चारत नाही. कुत्र्यापुरती मी सवलत घेतली. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की पुण्यात वानवडीला इनामदारबाई म्हणून आहेत, त्यांच्याकडे पग जातीची पिल्लं झाली आहेत. पग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण ही जात चीनची आहे असं कळल्यावर माझा भूगोल जागा झाला. माझी बायको अंजली इस्पितळात नर्स आहे, तिला प्रत्येक गोष्टीचा उपयोग आधी कळावा लागतो. हे कुत्रं चोराला धरेल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, जातिवंत कुत्र्याचा नुसता दरारा पुरतो.

बेत एवढ्यावरच राहिला असता, पण घरात अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला आमची थोडी जमीन आहे, ती धाकटा भाऊ बघतो. त्यानं ट्रॅक्टर लावायला सुरुवात केली, बैल विकले, आणि त्याच आठवड्यात अप्पा ट्रंक घेऊन आमच्याकडे राहायला आले. बैलांना काम नाही तिथं मला काय काम, असं त्यांचं म्हणणं. बावड्यात अप्पांचा हात प्रसिद्ध होता. डोळे मिटून बैलाच्या मानेपासून शेपटीपर्यंत एकदा हात फिरवला, की जनावराचं वय, दुखणं आणि स्वभाव सगळं सांगायचे. ज्यांच्या ओसरीवर माझ्या आजोबांना चढता येत नव्हतं, त्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून अप्पा जनावरांच्या बाजाराला जात. याबद्दल ते कधी बोलत नसत, पण पुढची सीटही कधी सोडत नसत. असा माणूस घरात असताना त्यानं हात फिरवल्याशिवाय दारात जनावर येणं शक्यच नव्हतं.

बाजाराची एक रीत त्यांनी मला लहानपणीच शिकवली होती. विकणारा ज्या जनावराची खोड आपणहून सांगतो, तेच त्याचं सगळ्यात चांगलं जनावर समजायचं. त्याला ते द्यायचं नसतं, किंवा द्यायचं असलं तर भाव चढवून द्यायचं असतं. म्हणून तो म्हणतो, हा बसका आहे, हा मारका आहे, हा घेऊ नका. अशा वेळी शहाण्या माणसानं तिथंच पाय रोवायचे.

इनामदारबाईंच्या घरात गालिचे होते. आम्ही चपला काढल्या, तरी अप्पांना तिथं पाय ठेवायचा संकोच वाटत होता. मग टोपली आली. टोपलीत चार पिल्लं होती, सगळ्यांची तोंडं भिंतीवर आपटल्यासारखी चपटी आणि कपाळाला आठ्या. अप्पा गालिच्यावर मांडी घालून बसले आणि त्यांचा संकोच गेला. त्यांनी पहिल्या पिल्लाचं तोंड उघडून दात पाहिले. अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले. खूर दाबावेत तसे पंजे दाबले. बाई कौतुकानं बघत होत्या, त्यांना वाटलं जनावरांचे डॉक्टरच असावेत. तीन पिल्लं अशी बाजूला झाली. चौथ्याच्या पाठीवर मात्र अप्पांचा हात थांबला.

"घोष्या," ते मला हळूच म्हणाले, "वशिंड बघ."

माझं नाव बुद्धघोष. गावाकडे त्याचं घोष्या होतं आणि ते वानवडीपर्यंत आलं याचं मला वाईट वाटलं. पण मी बघितलं. बैलाच्या खांद्यावर जो उंचवटा असतो त्याला वशिंड म्हणतात, आणि भरदार वशिंड म्हणजे बैलाची ताकद. या पिल्लाच्या पाठीवर खरोखरच तसा एक लहानसा उंचवटा होता. शेपटीचे वेढेही इतरांपेक्षा घट्ट होते.

बाईंनी लगेच सांगितलं, "ते नका घेऊ. त्याच्या पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष आहे. मी ते कुणालाच देणार नाही, माझ्याकडेच ठेवणार आहे."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतका आनंद होता, की बैल विकले गेल्यापासून तेवढा मी पाहिला नव्हता. बाई सांगत राहिल्या, डॉक्टरांनी तपासलंय, पुढे त्याच्या पायांना त्रास होईल. त्या जितकं सांगत तितकी अप्पांची खात्री पटत चालली. शेवटी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बाईंच्या हातावर टाकला. बाजारात भाव असा कापडाखाली बोटं दाबून ठरतो, म्हणजे चारचौघांना कळत नाही. बाई दचकून मागे सरल्या. मी घाईघाईनं रीत समजावून सांगितली. त्या हसल्या, आणि म्हणाल्या की तुम्हाला त्याचा इतकाच लळा लागला असेल तर न्या, याचे मी पैसे घेणार नाही. फुकट ने म्हणणं हा तर विकणाऱ्याचा शेवटचा डाव. अप्पांनी सगळ्यात देखण्या पिल्लाची किंमत चहाच्या बशीखाली ठेवली आणि वशिंडवालं पिल्लू काखेत मारलं.

फाटकापाशी बाईंनी मला थांबवून पुन्हा सांगितलं. उड्या मारू देऊ नका, पायऱ्या चढू देऊ नका, लठ्ठ होऊ देऊ नका, वरचेवर डॉक्टरांना दाखवा. मी हो हो म्हटलं. मास्तर माणसाला सूचना द्यायची सवय असते, घ्यायची नसते.

एसटीत कंडक्टरनं पिल्लू पाहिलं आणि तिकीट कशाचं फाडायचं यावर विचार करत बसला. कोंबडीचा नियम त्याला माहीत होता. एका प्रवाशाचं म्हणणं पडलं की हे कुत्रं नसून माकड आहे. दौंडच्या पुढे गेल्यावर कंडक्टर म्हणाला, असू द्या, पण तोंड झाकून घ्या, बायाबापड्या बघायला उठतायत.

पिल्लाचं नाव अप्पांनी ठेवलं हौशा. माझी मुलगी मेघना तेव्हा पाचवीत होती. तिला रॉकी हवं होतं, पण हौशा अप्पांच्या हाकेला यायचा, रॉकीला वळूनही बघायचा नाही. बावड्याहून माणसं मुद्दाम बघायला येत. अप्पा त्याला अंगणात उभं करून पाठीवरून हात फिरवत आणि वानवडीची हकिगत सांगत. बाई कशी खोड सांगत होती, आणि मी कसा फसलो नाही. माणसं मान डोलवत. मीही स्टाफरूममध्ये तीच हकिगत सांगत असे, फक्त घोष्याचा भाग गाळून.

नाराज होते ते एकटे सोमनाथराव. हौशा भुंकत नसे, घोरत असे, आणि ते मधल्या भिंतीतून ऐकू जाई. त्या पावसाळ्यात आमचीही मोटार गेली. हौशा त्या वेळी जागा असावा असा माझा अंदाज आहे. पाहुणा आला म्हणून त्यानं शेपूट हलवायचा प्रयत्नही केला असेल, पण त्याची शेपूट हलत नव्हती. आम्ही याला तिचा घट्टपणा समजत होतो.

दिवाळीच्या सुमारास मेघना म्हणाली, "हौशाचे मागचे पाय पुढच्यांचं ऐकत नाहीत." तसंच होतं. शहाबादी फरशीवर तो वळला की मागचा भाग वेगळ्याच दिशेला जायचा. पायरी उतरताना तो बसल्यासारखा घसरायचा. वाढतं अंग आहे, वशिंडाचा भार आहे, पाय धरेल, असं अप्पा म्हणाले. पण त्या दिवसापासून ते हकिगत सांगेनासे झाले.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या द्वारकाबाईंनी एरंडेल आणि हळद चोळायला सांगितली. त्यानं हौशा पिवळा झाला, आणि तो जिथं जिथं बसला ते सगळं पिवळं झालं. सोमनाथरावांनी नीरा नदीच्या वाळूत कमरेपर्यंत पुरून उन्हात ठेवायला सांगितलं. तेही आम्ही केलं. बघ्यांची गर्दी जमली आणि एकानं मला विचारलं, की सर, हे उगवायला किती दिवस लागतात? अप्पांनी कन्हेरीहून एक हाडवैद बोलावला. त्यानं सगळं अंग चाचपलं आणि दुखणं शेपटीत आहे असं ठरवून ती सरळ करायला लागला. हौशा असा ओरडला, की अप्पांनी त्या माणसाचा हात मनगटाला धरून बाजूला केला. त्याला चहा न पाजता वाटेला लावला. आमच्या घरातून चहा न पिता गेलेला तो एकच माणूस.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरवर गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी एवढेच रकाने होते. लिहिणाऱ्यानं हौशाला बराच वेळ न्याहाळून शेळीत घातलं आणि पुढच्या रकान्यासाठी दूध किती देते ते विचारलं. मी नर आहे म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याचा कागद बिघडवला होता. डॉक्टर मात्र सज्जन होते. त्यांनी मागचे पंजे दाबून पाहिले आणि गंभीर झाले. फोटो काढावा लागेल म्हणाले, पण तसलं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं.

मग अंजलीनं तिच्या ओळखीच्या एका एक्स-रेवाल्याला गाठलं. तो माणसांचेच फोटो काढायचा. पेशंट गेल्यावर या, गाजावाजा करू नका, असं त्यानं बजावलं होतं. आम्ही हौशाला मेघनाच्या बाळपणीच्या शालीत गुंडाळून नेलं, तरी बाकावर एक म्हातारी उरलेली होतीच. अंजलीच्या मांडीवरचं बाळ बघायला तिनं शाल उचलली. बराच वेळ पाहून शाल पुन्हा नीट घातली आणि अंजलीच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे बाई," ती म्हणाली. "मोठं झालं की निघंल रूप."

मी बाप म्हणून शेजारी बसलो होतो. तिनं माझ्या तोंडाकडेही एकदा पाहिलं आणि मान हलवली. फोटोच्या पाकिटावर नाव आलं, 'हौशा बुद्धघोष ओहोळ'. त्या रात्री जेवताना आम्ही खूप हसलो. अप्पाही हसले. हौशावरून आम्ही सगळे मिळून हसलो ते तेवढंच शेवटचं, म्हणून मला ते जेवण आठवतं.

फोटो बारामतीत कुणाला नीट वाचता येईना, म्हणून आम्ही पुन्हा पुण्याला गेलो, एका कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे. अप्पांना येऊ नका म्हटलं होतं, तरी ते हौशाला घेऊन आमच्या आधी स्टँडवर जाऊन बसले. डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला. कण्याचे मणके एकापुढे एक सरळ मांडलेले दिसत होते. पाठीच्या मध्यावर मात्र एक मणका अर्धाच होता, पाचरीसारखा, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नाहीच. त्याच्यापाशी सगळी रांग वर उचलली होती.

"तुम्ही ज्याला वशिंड म्हणता ते हे," डॉक्टर म्हणाले. मणका पोटातच असताना नीट घडला नाही, आतली नस दाबली जाते, म्हणून मागच्या पायांतली ताकद जात चालली आहे. शेपटीचा वेढा म्हणजेही तेच. तिथलेही मणके असेच वाकडे असतात. लोकांना वेढा देखणा वाटतो, म्हणून पिढ्यानपिढ्या वेढेवाल्यांशीच वेढेवाल्यांची जोडी लावत ही जात राखली, आणि मग कधी कधी तो दोष पाठीत चढतो. ऑपरेशन करता येईल, पण उपयोग होईलच असं नाही, जिवावरही बेतेल. वजन वाढू द्यायचं नाही, पायऱ्या आणि गुळगुळीत फरशी टाळायची. त्याची जोडी लावून पिल्लं मात्र काढू नका.

मी मनातल्या मनात दोन पिल्लं हेडमास्तरांना देऊन बसलो होतो. ते तिथंच राहिलं.

डॉक्टर पाकीट बंद करता करता चिडून म्हणाले, की हे पिल्लाच्या वयातच हाताला लागतं, ज्यांनी तुम्हाला दिलं त्यांनी सांगायला हवं होतं.

मी खाली बघितलं. अप्पा स्टुलावर बसले होते, हौशा त्यांच्या मांडीवर झोपला होता.

"सांगितलं हुतं," अप्पा म्हणाले. "बाईनं समदं सांगितलं हुतं. मला वाटलं, भाव चढवतीया."

परत येताना एसटीत अंजली मला एवढंच म्हणाली, की जात राखायची म्हटली की कुणाचा तरी कणा वाकतो. मी खिडकीबाहेर उसाचे फड बघत बसलो. आज इतक्या वर्षांनीही मला त्या गालिच्यांचं वाईट वाटतं. त्या घरात हौशाचे पाय घसरले नसते. पायऱ्या नव्हत्या, दोष माहीत असलेली बाई होती, आणि तिला तो स्वतःकडेच ठेवायचा होता. आम्ही त्याला तिथून हौसेनं उचलून शहाबादी फरशीवर आणून सोडलं होतं.

घरी आल्यावर अप्पांनी सगळ्या खोल्यांत पोती अंथरली. नव्या बंगल्यात पोती म्हणजे एरवी मोठं भांडण झालं असतं, पण अंजलीनं ती स्वतः धुऊन आणखी आणली. अप्पा हौशाला उचलून अंगणात न्यायचे, उचलून आणायचे, खालून पुसून काढायचे. सगळं करायचे, फक्त त्याच्या पाठीवरून हात फिरवत नसत. हौशाच्या ते लक्षात आलं होतं. तो त्यांच्या मांडीला अंग घासायचा आणि अप्पा दुसरीकडे बघायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला बावड्याचा म्हस्कू आला. त्याच्या जोडीतला एक बैल मेला होता आणि ट्रॅक्टरचं भाडं त्याला परवडणारं नव्हतं. बाजारात चला, तुमचा हात फिरल्याशिवाय मी बैल घेणार नाही, असं म्हणून तो बसून राहिला. अप्पा नको नको म्हणत होते. मीच आग्रह केला, म्हटलं जरा मन रमेल. सुट्टी होती, मीही बरोबर गेलो.

बाजारात अप्पांना ओळखणारी माणसं भेटली, वाट करून द्यायला लागली. एक खिलार होता, पांढराशुभ्र, मलासुद्धा कळावा इतका चांगला. अप्पांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. मालकानं रीतीप्रमाणे सुरुवात केली.

"आबा, ह्यो नगा घिऊ. कमरंत कमजोर हाय, नांगराला बसतोय."

म्हस्कू खूश झाला. त्यानं अप्पांसाठी टॉवेल पुढे केला. अप्पांचा हात बैलाच्या खांद्यापर्यंत गेला होता, तिथंच थांबला आणि खाली आला.

"बरं झालं सांगितलंस," अप्पा म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

मालक चक्रावला. तो मागे धावत आला, शपथा घालू लागला, की असं कुठं असतं होय आबा, बोलायची पद्धत असते, बैलाला काही झालेलं नाही. अप्पा त्याला शांतपणे म्हणाले, की तू उगीच कशाला खोटं सांगशील. पुढच्या दावणीला तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. ज्यानं जी खोड सांगितली ती अप्पांनी खरी धरली. आम्ही परत फिरलो तेव्हा तो खिलार दुसऱ्या कुणीतरी नेला होता. म्हस्कू वाटेत चांगलं बोलला, पण पुढच्या बाजाराला तो दुसऱ्याच माणसाला घेऊन गेला. त्यानंतर बावड्याहून बाजारासाठी अप्पांना कुणी बोलवायला आलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. फाटकाचा आवाज ऐकून हौशा व्हरांड्यातल्या पोत्यावरून निघाला. आता त्याचे मागचे पाय अजिबात उचलत नव्हते, पुढच्या दोन पायांवर तो सगळं अंग ओढत पायऱ्यांच्या दिशेनं यायला लागला.

"थांब रं तितंच," अप्पांनी हाक दिली. "मी येतो."

ते लगबगीनं पायऱ्या चढले आणि त्याच्याशेजारी खाली बसले. हौशानं मोठ्या खटपटीनं अंग वळवलं आणि आपली पाठ त्यांच्या हाताखाली आणून ठेवली. मग त्यांनी मानेपासून हात फिरवायला सुरुवात केली. उंचवट्यापाशी हात थांबला, तिथं जरा हलका झाला, आणि पुढे शेपटीपर्यंत गेला.

"दुखतंय का रं?" त्यांनी विचारलं.

जनावराच्या पाठीवर हात ठेवून जनावरालाच काही विचारताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.